मंदी चाकणला आधी कळते

सलग दोन तिमाह्या देशाचे एकूण उत्पादन घटले की मंदी आली, अशी अर्थशास्त्राची चालू व्याख्या आहे. ही पट्टी लावली, तर तिमाही आकडे प्रसिद्ध व्हायला लागल्यापासून भारतात मंदी एकदाच आली, २०२० च्या एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत. त्याआधी वार्षिक उत्पन्न घटल्याची जी मोजकी वर्षे सापडतात, त्यांतली १९७२-७३ आणि १९७९-८० ही तर सरळ दुष्काळाची वर्षे. पण राजगुरुनगरहून चाकणमार्गे भोसरीपर्यंतच्या पट्ट्यात हाच प्रश्न विचारला, तर हिशेब वेगळा निघतो. जुने कामगार २०००-०१ सांगतील, ज्या वर्षी टेल्कोला, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सला, सुमारे पाचशे कोटी रुपयांचा तोटा झाला. लघुउद्योजक २००८ ची दिवाळी सांगतील, कामगार पुरवणारे ठेकेदार २०१९ सांगतील आणि करोनाचे २०२० तर सगळेच सांगतील. यांतल्या पहिल्या तिन्ही वेळी देशाचा विकासदर शून्याच्या बराच वर होता, म्हणजे पुस्तकी व्याख्येनुसार ती मंदी नव्हतीच. देशाची सरासरी हलण्याआधीच काही ठिकाणचे काम बसलेले असते, असा याचा अर्थ. अशा वेळी सरकारचे धोरण उपयोगी पडले की नाही, हे पॅकेज किती लाख कोटींचे होते यापेक्षा ते पैसे आधी कोणाच्या हातात गेले यावर ठरते, असे माझे म्हणणे आहे. या पट्ट्याने पाहिलेल्या मंदीच्या तीन प्रसंगांचा पुरावा मला एकाच दिशेने बोट दाखवताना दिसतो. जी मदत माल घेणाऱ्याच्या खिशापर्यंत गेली ती लागू पडली आणि जी विकणाऱ्याच्या ताळेबंदात राहिली तिने कारखान्याची पाळी वाढवली नाही.

हा पट्टा निवडायचे कारण सरळ आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या दशकांत टेल्को, बजाज यांच्याभोवती पिंपरी-चिंचवड वाढले. तिथली जागा अपुरी पडू लागली तसे उद्योग पुणे-नाशिक रस्त्याने वर सरकले. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ चा. त्यानंतर मर्सिडीझ-बेंझ, फोक्सवॅगन आणि महिंद्रा २००९-१० च्या सुमारास तिथे उत्पादन करू लागले. मोठ्या कारखान्याच्या फाटकावरची पाटी सगळ्यांना दिसते; खरा पसारा कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांतल्या शेडमध्ये आहे. कुठे प्रेस शॉप, कुठे चार-सहा सीएनसी आणि व्हीएमसी मशिनांवर चालणारे जॉबवर्क, कुठे नुसते पॅकिंग. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या आणि त्या खोल्यांत मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली मुले राहतात. खानावळी, किराणा, मोबाइलची दुकाने त्यांच्यावर चालतात. राजगुरुनगर, म्हणजे पूर्वीचे खेड, हे या तालुक्याचे मुख्य ठिकाण. कोर्ट, तहसील, बँका आणि लग्नाची खरेदी इथे. शिवाय मोटारींचे गाव होण्याच्या कितीतरी आधीपासून चाकण ही कांद्याची मोठी बाजारपेठ आहे. एकाच तालुक्यात कांदा आणि मोटार अशा दोन अर्थव्यवस्था शेजारी शेजारी नांदत असल्याने धोरणाचा परिणाम इथे लवकर आणि स्पष्ट दिसतो.

आता मंदी खाली कशी उतरते ते पाहू, कारण उपाय कुठे करायचा हे त्यावर अवलंबून आहे. सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरचे सगळे गणित एका कागदावर चालते, त्याला सगळा पट्टा ‘शेड्यूल’ म्हणतो. पुढच्या महिन्यात कोणता भाग किती नग हवा, हे कंपनी त्यात कळवते. समजा, एक वितरक महिन्याला शंभर गाड्या विकतो आणि दीड महिन्याचा, म्हणजे दीडशे गाड्यांचा साठा ठेवतो. विक्री दहा टक्क्यांनी घटून नव्वदवर आली की त्याला साठाही एकशे पस्तीसवर आणावा लागतो. म्हणून त्या महिन्यात तो नव्वद गाड्या मागवत नाही, पंधरा कमी करून पंचाहत्तर मागवतो. कंपनीनेही सुट्या भागांचा अर्ध्या महिन्याचा साठा ठेवलेला असतो. उत्पादन पंचाहत्तरवर आले म्हणून तीही तो साठा कमी करते आणि व्हेंडरकडे जाणारे शेड्यूल शंभराचे जेमतेम बासष्ट उरते. ग्राहकाने दहा टक्के हात आखडला आणि निघोज्याच्या शेडमध्ये अडतीस टक्के काम गेले, ते असे. याच्याही खाली, त्या शेडला मशिन विकणाऱ्याची मागणी तर शून्यावर येते, कारण आहे तेच मशिन बंद असताना दुसरे कोण घेणार? दोन-तीन महिन्यांनी साठा जुळला की शेड्यूल पुन्हा नव्वदच्या आसपास येते, हे खरे. मात्र मशिनच्या कर्जाचा हप्ता, शेडचे भाडे आणि विजेचा स्थिर आकार तेवढे महिने थांबत नाहीत, आणि मोठ्या कंपनीकडून पैसे यायला साठ-नव्वद दिवस लागत असतील तर छोटा उद्योजक आधीच्या चांगल्या दिवसांच्या मालाच्या पैशांचीही वाट पाहत बसलेला असतो. माणसांचा क्रमही ठरलेला असतो. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग रात्रपाळी, मग ठेक्यावरची मुले. कायम कामगाराला ले-ऑफ मिळाला तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळण्याची कायद्यात सोय आहे. ठेक्यावरच्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढे सांगून भागते. तो खोली सोडतो, खानावळीचा डबा बंद होतो, आणि त्याच्या गावाकडे जाणारे पैसेही थांबतात. देशाच्या तिमाही आकड्यात हे सगळे दिसायला आणखी काही महिने लागतात.

२००८ मध्ये हे चक्र अमेरिकेतून फिरत आले. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली, पतपुरवठा आटला आणि ट्रकची विक्री धाडकन खाली आली, कारण ट्रक कोणी हौसेने घेत नाही; माल हलणार असेल आणि कर्ज मिळणार असेल तरच घेतो. नोव्हेंबरात टाटा मोटर्सला पुण्याच्या कारखान्यात काही दिवसांचे ब्लॉक क्लोजर, म्हणजे उत्पादन बंद, घ्यावे लागले. २००८-०९ या वर्षात देशातली व्यापारी वाहनांची विक्री जवळजवळ २२ टक्क्यांनी घटली. यावर सरकारने काय केले ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. ७ डिसेंबर २००८ ला केंद्रीय उत्पादन शुल्क सरसकट चार टक्क्यांनी उतरवले आणि फेब्रुवारीत मुख्य दर आणखी दोन टक्क्यांनी, असे १४ चे ८ टक्के झाले. जानेवारी २००९ पासून काही महिन्यांत जो व्यापारी वाहन घेईल त्याला आयकरात ५० टक्के घसारा धरण्याची मुभा दिली, म्हणजे ‘आत्ता घेतलास तर फायदा, पुढच्या वर्षी घेतलास तर नाही’ असा सरळ हिशेब वाहतूकदारापुढे ठेवला. शहरांना बस घेण्यासाठी नेहरू नागरी अभियानातून पैसे दिले. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर ते एप्रिल या काळात रेपो दर ९ वरून पावणेपाच टक्क्यांवर आणला. शिवाय निवडणूक जवळ आल्यामुळे म्हणा किंवा योगायोगाने म्हणा, संकट येण्याआधीच शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर झालेली होती, सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात पडत होती आणि ग्रामीण रोजगार हमी एप्रिल २००८ पासून देशाच्या सगळ्या जिल्ह्यांत लागू झाली होती. ट्रकमालक, महापालिका, नोकरदार, शेतकरी, मजूर हे सगळे माल घेणारे. २००९-१० मध्ये व्यापारी वाहनांची विक्री ३८ टक्क्यांनी वाढली आणि प्रवासी वाहनांची सुमारे २५ टक्क्यांनी. फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचे उद्घाटन मार्च २००९ मध्ये, ऐन मंदीत झाले, याचेही काहींना आश्चर्य वाटते. त्या गुंतवणुकीचा निर्णय २००६ चा होता. कारखान्याची पायाभरणी पुढची पंधरा वर्षे बघून होते, शेड्यूल पुढचा महिना बघून निघते. मंदीत सावरायचे असते ते शेड्यूल.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की, त्या उदारपणाची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली. केंद्राची वित्तीय तूट २००७-०८ मध्ये अडीच टक्के होती, ती दोन वर्षांत साडेसहा टक्क्यांच्या घरात गेली. मग महागाई आली, आणि मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात रिझर्व्ह बँकेला तेरा वेळा व्याजदर वाढवावे लागले. त्याच सुमारास वाटलेली मोठी कर्जे पुढे बुडीत निघाली. आक्षेपातले तथ्य मान्य करायलाच हवे, तरी त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो मला पटत नाही. विक्री ३८ टक्क्यांनी वाढत असतानाही सवलती मागे घ्यायला सरकार कचरले. ८ टक्क्यांचे शुल्क २०१० मध्ये १० झाले आणि १२ व्हायला २०१२ उजाडले. महागाईत तेलाचा आणि अन्नधान्याच्या भावांचाही वाटा होता, तो शुल्ककपातीच्या माथी मारता येणार नाही. ताप उतरल्यावरही गोळ्या चालू ठेवल्या म्हणून ताप असताना त्या द्यायलाच नको होत्या, असे कोणी वैद्य म्हणणार नाही. तोटा झाला तो सवलत मागे घ्यायला लावलेल्या उशिराने, आणि सरकारांना देण्यापेक्षा काढून घेणे नेहमीच जड जाते.

२०१९ ची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, आणि ती जास्त शिकवणारी आहे. या वेळी बाहेरचा धक्का नव्हता. जुलै २०१८ मध्ये सरकारने जड वाहनांची भार वाहण्याची अधिकृत मर्यादा २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. निर्णय चांगला होता, कारण तेवढा माल ट्रक तसेही वाहतच होते; पण रस्त्यावर असलेल्या ट्रकांचीच क्षमता एका रात्रीत वाढल्याने नव्याची गरज तेवढी कमी झाली. सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा आणि दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरणे आले. त्याच महिन्यात आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था कर्ज फेडू शकली नाही आणि वाहनकर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपन्यांचा हात आखडला. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ या जुन्या प्रदूषण-मानकाची वाहने विकता येणार नाहीत, म्हणून ग्राहक ‘थांबू या’ म्हणून बसला. यांतला एकेक निर्णय वेगळा काढला तर समर्थनीय आहे. अपघातग्रस्ताला विम्याचे पैसे मिळायला हवेत, हवा स्वच्छ हवी. पण या चारही गोष्टी एकाच गिऱ्हाइकावर बारा महिन्यांच्या आत येऊन पडतील, हा हिशेब कोणत्या खात्याने केला? विमा नियामक एकीकडे, परिवहन मंत्रालय दुसरीकडे, न्यायालय तिसरीकडे. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवासी वाहनांची विक्री वर्षभरापूर्वीच्या तुलनेत सुमारे ३२ टक्क्यांनी घसरली. सुट्या भागांच्या उत्पादकांच्या संघटनेने त्या वर्षाच्या अखेरीस सांगितले की सुमारे एक लाख हंगामी कामगारांचे काम गेले आहे. देशाचा विकासदर मात्र त्या वर्षीही चार टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे ‘मंदी’ हा शब्द वापरायला सरकार तयार नव्हते, आणि व्याख्येनुसार ते चूकही नव्हते.

उपाय झाले, नाही असे नाही. २३ ऑगस्टला वाढीव १५ टक्के घसारा दिला, सरकारी खात्यांवरची नवी वाहने घेण्याची बंदी उठवली, बीएस-४ गाडी नोंदणीची मुदत संपेपर्यंत चालेल अशी ग्वाही दिली. हे उपाय घेणाऱ्यासाठीच होते, पण आकाराने लहान. मोठा निर्णय २० सप्टेंबर २०१९ ला गोव्यात झाला. त्या दिवशी सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपन्यांवरील आयकर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर. सरकारने त्यासाठी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडले. त्याच दिवशी, त्याच गोव्यात जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि मोटारींवरचा २८ टक्के जीएसटी उतरवायची वाहन उद्योगाची मागणी मात्र मान्य झाली नाही, कारण राज्यांना महसूल गमावायचा नव्हता. एका दिवसातल्या या दोन निर्णयांत मला सगळे मर्म दिसते. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार त्या तिमाहीत कारखान्यांच्या उत्पादनक्षमतेचा वापर सत्तर टक्क्यांच्याही आत होता. ज्याची तीस टक्के मशिने बंद आहेत, त्याला करसवलत मिळाली म्हणून तो आणखी एक मशिन घेत नाही. तो जुने कर्ज फेडतो किंवा लाभांश वाटतो. सेन्सेक्स त्या दिवशी १९०० हून अधिक अंकांनी उसळला. व्यापारी वाहनांची विक्री त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस २९ टक्क्यांनी आणि प्रवासी वाहनांची १८ टक्क्यांनी खाली होती, आणि करोनाची टाळेबंदी त्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात आली, हे लक्षात घेतले पाहिजे.

कंपनी कर कमी करण्याचे समर्थक म्हणतील की तो उपाय दीर्घ पल्ल्याचा होता, शेजारी देशांशी स्पर्धा करायची तर कर त्यांच्या बरोबरीला आणायलाच हवा होता. औद्योगिक धोरण म्हणून हा युक्तिवाद मी मान्य करतो. पण तो त्या वेळी मंदीवरचा उतारा म्हणून सांगितला गेला, तेव्हा त्याची परीक्षाही त्याच कसोटीवर व्हावी. पुढे २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात सरकारनेच नोंदवले की ३३ हजारांहून अधिक कंपन्यांच्या नमुन्यात २०२० ते २०२३ या आर्थिक वर्षांत करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला. नोकरभरती आणि पगार मात्र त्या मानाने वाढले नाहीत. व्याजदराची कथाही अशीच वरच्या वर राहिलेली. फेब्रुवारी ते ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर १.१० टक्क्यांनी उतरवला, पण बँकांचा नव्या कर्जांवरचा सरासरी दर ०.२९ टक्क्यानेच उतरला. म्हणून ऑक्टोबर २०१९ पासून घरकर्ज, वाहनकर्ज आणि लघुउद्योगांची बदलत्या दराची कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडणे बँकांना सक्तीचे केले. गाजावाजा न झालेला हा बदल मला त्या वर्षातला सर्वांत कामाचा वाटतो.

सरकार मंदीवर उपाय करते तसे कधी कधी ते मंदी आणतेही, आणि त्याचा दाखला मोटारींपेक्षा कांद्यात जास्त स्वच्छ दिसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ती उठली ४ मे २०२४ ला, लोकसभेच्या मतदानाच्या धामधुमीत, आणि तीही ४० टक्के शुल्क कायम ठेवून. ते शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडले. शहरातल्या गरिबाच्या ताटातला कांदा स्वस्त राहावा, हा हेतू कोणी चुकीचा म्हणणार नाही. चाकणच्या खोलीत तिघांत मिळून स्वयंपाक करणारा ठेक्यावरचा मुलगाही कांदा विकतच घेतो. मात्र भाव चढला की दार बंद आणि पडला की शेतकरी वाऱ्यावर, अशी एकतर्फी पद्धत असली की खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूरचा शेतकरी पुढच्या हंगामाचा अंदाजच बांधू शकत नाही. मोटारसायकल, ट्रॅक्टर, छोटा टेम्पो घेणारा तोच असतो, आणि त्यांतली बरीच वाहने त्याच्या शेतापासून फार दूर तयार होत नाहीत. साठा आधीच पुरेसा करून तो बाजारात सोडणे, शुल्क लावायचे तर ते कोणत्या भावाला लागेल आणि कोणत्या भावाला उठेल हे हंगामाआधी जाहीर करणे, असे मार्ग उपलब्ध होते. कृषी धोरण आणि औद्योगिक धोरण दिल्लीत दोन वेगळ्या इमारतींत ठरते. खेड तालुक्यात ते एकाच कुटुंबात येऊन भेटते, कारण थोरला शेती पाहतो आणि धाकटा कंपनीत जातो.

करोनाबद्दल थोडक्यात. एप्रिल २०२० मध्ये देशातल्या बहुतेक वाहन कंपन्यांची देशांतर्गत विक्री अक्षरशः शून्य होती आणि एप्रिल-जूनमध्ये अर्थव्यवस्था सुमारे २४ टक्क्यांनी आकसली. लघुउद्योगांसाठी ३ लाख कोटींची कर्जहमी आली. बाकी असलेल्या कर्जाच्या २० टक्के आणखी कर्ज, सरकारच्या पूर्ण हमीवर. यामुळे अनेक शेड लिलावात जाण्यापासून वाचल्या, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण ज्याचे बँकेत कर्जच नव्हते, त्या घरच्या भांडवलावर दोन लेथ चालवणाऱ्याला यातून काही मिळाले नाही. आणि ज्याला मिळाले त्यालाही कर्ज मिळाले, काम नाही. बाजार सावरला तो आधी गावाकडून. शेती त्या भयंकर तिमाहीतही सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढली होती, रोजगार हमीवर त्या वर्षी १ लाख ११ हजार कोटींच्या आसपास खर्च झाला, पाऊस चांगला झाला, आणि ट्रॅक्टरच्या विक्रीने त्याच आर्थिक वर्षात उच्चांक गाठला. घेणाऱ्याच्या हातात पैसा राहिला की काय होते, याचा याहून ठळक दाखला शोधायची गरज नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने अखेर तो मार्ग धरला. २२ तारखेपासून लहान मोटारी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी, तीनचाकी आणि ट्रक यांच्यावरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, ट्रॅक्टरवरचा १२ चा ५ टक्के. दिवाळीत विक्री झपाट्याने वाढली. एक गोम मात्र राहिलीच : घोषणा १५ ऑगस्टला आणि अंमल २२ सप्टेंबरला. मधले पाच आठवडे ग्राहक थांबला आणि वितरकाकडे माल पडून राहिला. वर दिलेले शंभर-पंचाहत्तर-बासष्टचे गणित आठवले, तर हे पाच आठवडे कोणी सोसले ते सांगायला नको. याच्या दुसऱ्या टोकाला रस्ते आणि पूल. नाशिक फाटा ते खेड या तीस किलोमीटरच्या उन्नत मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, खर्च ७,८२७ कोटी. चाकणच्या तळेगाव चौकात तासन्‌तास अडकणाऱ्या कंटेनरसाठी तो हवाच आहे, पण मंदीवरचा उपाय म्हणून असा प्रकल्प कामाचा नाही. तो सुरू होईपर्यंत मंदी येऊन गेलेली असते.

आता शेवटचा आणि मला सगळ्यात रास्त वाटणारा आक्षेप. मोटार घेणारा तुलनेने खाऊनपिऊन सुखी असतो. त्याच्या गाडीवरचा कर कमी करायला तिजोरी का रिकामी करायची? अगदी बरोबर. घेणाऱ्याला मदत म्हणजे मोटार घेणाऱ्याला मदत, असा अर्थ लावायचे कारण नाही. ज्याच्या हातात आलेला रुपया आठवड्याच्या आत दुकानात जातो, त्याला मदत, हा त्याचा खरा अर्थ, आणि महाराष्ट्राने हे पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात मे १९७३ पर्यंत सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडायला, पाझर तलाव आणि रस्ते करायला सरकारी कामांवर होती. त्या अनुभवातून, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पाठपुराव्याने, रोजगार हमी योजना कायद्यात आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून मागेल त्याला काम हा कायदेशीर हक्क झाला. तिला पैसे कुठून आणायचे? त्यासाठी १९७५ मध्ये नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला आणि त्यात सरकारने आपला वाटा घालायचा असे ठरले. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या वाईट दिवसांची तरतूद करायची, अशी ती व्यवस्था. आजही चाकणमधल्या कामगाराच्या पगारपत्रकावर ‘पीटी’ म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते हेच. गावाच्या दुष्काळासाठी शहराने असा विमा काढला. शहराच्या दुष्काळासाठी, म्हणजे शेड्यूल बसल्यावर घरी पाठवलेल्या ठेक्याच्या मुलासाठी, तसे काही नाही, असे बहुतेकांना वाटते.

तसे थोडे आहे. त्याच पगारपत्रकावर ‘ईएसआय’ची पाऊण टक्क्याची कपात असते. राज्य कामगार विमा महामंडळाने जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. नोकरी गेलेल्या विमाधारकाला आधी सरासरी मजुरीच्या २५ टक्के आणि मार्च २०२० पासून ५० टक्के रक्कम, आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस. ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत आहे, म्हणजे विम्याखाली येतो, त्यांच्यासाठी. मंदीत घेणाऱ्याच्या हातात थेट आणि वेळेवर पैसा देणारी देशातली ही जवळजवळ एकमेव योजना, आणि तिची मुदत दर वेळी तुटक वाढवत नेली जाते. ती कायमची करावी, ‘आयुष्यात एकदा’ ही अट काढावी आणि दोन वर्षांच्या नोकरीची अट ठेका बदलत राहणाऱ्या मुलांना पुरी करता येईल इतकी सैल करावी. पुढच्या पॅकेजमध्ये एवढे झाले तरी पुष्कळ. तोवर, तुमच्या ओळखीतल्या कोणाचे काम गेले असेल आणि त्याच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर त्याला महामंडळाच्या जवळच्या शाखेत पाठवा आणि योजना सध्या चालू आहे ना, याची तिथे चौकशी करायला सांगा. आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक बरोबर न्यावे. या अर्जावर मालकाची किंवा ठेकेदाराची सही लागत नाही.